मणक्याला मार लागल्यावर पायाची हाडं ठिसूळ होतात, त्यावर सुया? (कोल्हापूरकरांनो, सांगा)

कळंब्याची आक्का | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचते. लिहायची वेळ आज आली.

माझा धाकटा भाऊ, वय ३१. गेल्या गळीत हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि मणक्याला मार बसला. डी-९ (पाठीचा नववा मणका), कंप्लीट, म्हणजे त्याखाली ना हालचाल ना जाणीव. ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसले, आता आठ महिने झाले. बेंबीच्या जरा वरपासून खाली काही कळत नाही. पाय मधूनच आपोआप झटके देतात. बाकी पोरगा हिमतीचा. खुर्चीवरून अंगणभर फिरतो, म्हशीला वैरण टाकतो, सगळ्यांवर ओरडतो.

मागच्या महिन्यात एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "पायाची हाडं विरळ व्हायला लागलीत, जपा." एवढंच. कॅल्शियमची गोळी लिहून दिली आणि पुढचा पेशंट आत. जपा म्हणजे नेमकं काय करा, ते विचारायचं राहूनच गेलं.

आता ओळखीतल्या एकांनी शहरातल्या एका ॲक्युपंक्चर केंद्राचं नाव सांगितलं. तिथले म्हणाले, विजेच्या सुया लावू, २० सिटिंग, १२ हजार, हाडात परत भर पडते. आणि तोवर इंग्रजी औषधं बंद ठेवा. आईनं २ हजार ॲडव्हान्स देऊनही टाकलाय. भाऊ म्हणतो, "आक्का, टोचलं तरी मला कळणार न्हाई, मग टोचणाऱ्याला तरी कशाला तरास?"

कुणाला अनुभव आहे का? आणि हाडं ठिसूळ झालीच कशी, हेही मला समजलेलं नाही. तो अंथरुणावर पडून नसतो. दूध घरचं आहे.

---

बबन्या शिवाजी पेठ | रविवार, रात्री ११:०५

आक्का, बिनधास्त करा. आमच्या चुलत्यांची कंबर सा म्हैने धरली होती, दहा वेळा सुया लावल्या आन् माणूस रंकाळ्याला फिराय लागला. जोडीला पायाचं सूप आन् पांढरा रस्सा. हाडाला हाडच लागतंय. विषय संपला.

---

उलट तपासणी | रविवार, रात्री ११:२०

बबनराव, चुलत्यांची कंबर धरली होती. यांच्या भावाच्या मज्जारज्जूला इजा झाली आहे. दोन्ही दुखणी पाठीत आहेत म्हणून एक होत नाहीत.

---

गंगावेशीतली फिजिओ | सोमवार, सकाळी ७:१५

आक्का, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

हाड म्हणजे एकदा बांधून संपलेलं काम नव्हे. त्यात पाडणाऱ्या पेशी असतात आणि बांधणाऱ्या असतात, दोघींचं काम जन्मभर चालू. किती पाडायचं, किती बांधायचं हे हाडाच्या आत बसलेल्या पेशी ठरवतात, आणि त्या बघतात फक्त भार. उभं राहणं, चालणं, स्नायूंनी हाड ओढणं. जिथं भार तिथं भर, हे यूलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ मध्येच मांडलं. तालीम सोडलेल्या पैलवानाचा दंड कसा उतरतो, ते आपल्या गावात वेगळं सांगायला नको. भार गेला की या आतल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात आणि बांधणाऱ्यांचा हात आखडतो. पाडणाऱ्या मात्र जोरात. शिवाय मज्जारज्जूच्या इजेत हाडाला जाणाऱ्या नसांचा संबंधही बिघडतो, म्हणून नुसतं अंथरुणाला खिळलेल्या माणसापेक्षा इथली झीज मोठी असते.

ही झीज सगळीकडे सारखी नसते. तुमचा भाऊ हातांनी चाकं ढकलतो, त्याचे हात ठणठणीत राहतील. खरी झीज होते गुडघ्याच्या आसपास: मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. तिथं जाळीदार हाड असतं. पहिल्या वर्षात ते महिन्याला साधारण २ ते ४ टक्के या वेगानं जातं. दोन-तीन वर्षांनी वेग मंदावतो, तोवर बरंच गेलेलं असतं. तुमचे आठ महिने म्हणजे ऐन गळतीचा काळ.

गेलेलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून या लोकांना मुतखडे होतात, आणि म्हणूनच आपल्या मनानं कॅल्शियमच्या गोळ्या वाढवायच्या नसतात. दूध, नाचणी खाऊ दे (नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं). आहार आणि गोळी मिळून दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या आसपास पुरे. रश्श्यात चव असते, कॅल्शियम फारसं उतरत नाही. माफ करा बबन्या.

"जपा" म्हणजे काय ते दुपारी लिहिते, आता ओपीडी आहे.

---

चाकावर चौदा वर्षं | सोमवार, सकाळी ९:५०

"जपा" म्हणजे काय ते मी सांगतो. मी डी-४, चौदा वर्षं खुर्चीवर.

सहाव्या वर्षी एका सकाळी पँट घालत होतो. पलंगावर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घ्यायचा, घोट्याला धरून, रोजचंच. पाय जरा अडकला म्हणून पिळला. आवाज आला, ओली काटकी मोडावी तसा. दुखलं काहीच नाही, त्यामुळे मी पँट घालून कामावर गेलो! दुपारी डोकं ठणकायला लागलं, मानेवर घाम, तोंड लालबुंद, बीपी १९० च्या वर. संध्याकाळी बायकोनं पँट काढली तर गुडघा नारळाएवढा. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं होतं. डी-६ आणि त्याच्या वर इजा असलेल्यांना खाली कुठंही काही बिघडलं की बीपी असं उसळतं. तुमच्या भावाचं डी-९ आहे, त्याला ते सहसा होणार नाही. पण मग त्याला कळणार कशावरून? सूज, लाली, हाताला लागणारी ऊब, किंवा झटके अचानक वाढणं. हे दिसलं की मुरगळलं असेल म्हणून चोळत बसायचं नाही. आधी एक्स-रे.

आता सुयांचं. मीही घेतल्या आहेत. सुयांनी मला काही झालं नाही, ना चांगलं ना वाईट. झालं ते त्यांच्या दिव्यानं. सुया लावून पोटरीवर तांबडा शेक देणारा दिवा ठेवला आणि तिथली मुलगी फोनवर बोलत बाहेर गेली. मला कळत नाही, तिला माहीत नाही. घरी आल्यावर पोटरीवर रुपयाएवढे दोन फोड. भरायला अडीच महिने लागले, दोन वेळा चिघळलं. केंद्राचं नाव सांगत नाही, बंदही झालंय ते. तर आक्का, काहीही करा, कळत नसलेल्या कातडीवर शेक नाही, पेटती कांडी नाही, गरम पाण्याची पिशवी नाही.

---

बबन्या शिवाजी पेठ | सोमवार, सकाळी १०:१०

पँट घालून कामावर? दादा, तुम्ही लईच भारी. वाचून अंगावर काटा आला.

---

सुईकार | सोमवार, दुपारी १:३०

मी ॲक्युपंक्चर करतो, नोंदणीकृत आहे. महाराष्ट्रात या पद्धतीचा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, तेव्हा पहिली गोष्ट, केंद्रवाल्याकडे नोंदणी क्रमांक मागा. "इंग्रजी औषध बंद करा" म्हणणारा आमच्यातला असला तरी चूक तो चूकच.

पण सरसकट टवाळीही नको. मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या हाडांच्या झिजेवर चीनमध्ये काम झालं आहे. उंदरांवर आणि माणसांवरही. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे जियाजी बिंदू, कमरेचा शेनशू, गुडघ्याखालचा झुसानली, घोट्यावरचा सानयिनजियाओ, आणि सुयांना बारीक विद्युतप्रवाह. उपचार नेहमीचे चालू ठेवून वरून सुया दिल्या तर हाडाची घनता जास्त टिकली, असे निष्कर्ष आले आहेत. "जोड म्हणून" हे शब्द महत्त्वाचे. एकट्या सुयांवर हाड भरून येतं असं मी माझ्या पेशंटला कधी सांगत नाही.

आणि हो, चीनमध्ये सेवा केलेले डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे. ही विद्या परकी मानू नका.

---

उलट तपासणी | सोमवार, दुपारी २:१५

कोटणिसांना मध्ये आणू नका हो. ते सर्जन होते, १९३८ मध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला गेले आणि १९४२ मध्ये तिकडंच वारले. भारतात सुया आणल्या त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बसूंनी, १९५९ मध्ये.

बाकी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून नीट विचारतो. त्या अभ्यासांत बहुतेक वेळा माणसं मोजकी. दोन्ही गटांना औषध चालूच, एका गटाला वरून सुया. तोतया सुयांचा (टोचल्याचं नुसतं नाटक) गट बहुधा नाही. म्हणजे ज्याला सुया मिळाल्या त्याला रोज कुणीतरी हलवलं, उठवलं, बसवलं, लक्ष दिलं, ते धरायचं कुठं? पाठपुरावा काही महिन्यांचा. मोडतोड कमी झाली का, हे तेवढ्या वेळात दिसणारच नाही.

आणि माझा खरा प्रश्न: मोजलं कुठलं हाड? घनता मोजायची म्हटलं की सवयीनं कमरेचा मणका आणि खुबा मोजतात. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा कमरेचा मणका फारसा झिजतच नाही, बसल्यावर भार त्याच्यावरच येतो. मोडतो गुडघा. कमरेचा आकडा सुधारला म्हणून पेढे वाटायचे आणि मांडी मोडायची पँट घालताना?

---

सुईकार | सोमवार, दुपारी ३:०५

मोजण्याच्या जागेबद्दलचा मुद्दा मान्य. तोतया सुयांबद्दल एवढंच म्हणेन की सुई टोचल्याचं नाटक करणं अवघड असतं, गोळीसारखं नाही.

---

चाकावर चौदा वर्षं | सोमवार, दुपारी ३:२०

आमच्यावर सोपं आहे. आम्हाला कळतच नाही. 😄

---

गंगावेशीतली फिजिओ | सोमवार, संध्याकाळी ६:४०

दादांनी माझं अर्धं काम केलं, उरलेलं लिहिते. पाय उचलताना घोट्याला किंवा अंगठ्याला धरून ओढायचं नाही. एक हात मांडीखाली, एक पोटरीखाली. मोजे-पँट घालताना पाय पिळायचा नाही. ताठर झालेला गुडघा जोर लावून वाकवायचा नाही, त्यात भल्याभल्या "व्यायाम घेणाऱ्यां"नी हाडं मोडली आहेत. पलंग आणि खुर्ची एका उंचीवर आणा. रिक्षात चढवताना दोघं लागतात, एकानं पाय सांभाळायचे.

विजेच्या सुयांबद्दल एक विचार. विजेनं स्नायू आकसवून हाडाला भार द्यायचा, हा मार्ग आहेच. त्याला आम्ही एफईएस म्हणतो, पाय सायकलला बांधून यंत्र स्नायूंना प्रवाह देतं. तो आठवड्यातून अनेकदा, महिनोन्महिने, जोरात करावा लागतो, तेव्हा कुठं गुडघ्याजवळच्या हाडात फरक दिसतो. सोडलं की कमावलेलं जातं. सुयांतून जाणारा प्रवाह त्याच्यापुढं चिमूटभर असतो. सुई जर भार देऊनच काम करणार असेल, तर २० सिटिंगमध्ये काय भार पडणार? आणि दुसऱ्या एखाद्या वाटेनं काम करत असेल, तर माणसाच्या गुडघ्यात ते दाखवून द्यावं लागेल.

आक्का, भावाला झटके येतात म्हणजे खालच्या नसा जिवंत आहेत, एफईएस त्याला लागू पडू शकेल. ज्यांचे पाय अगदी लुळे, त्यांना बहुधा पडत नाही. मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत विचारा. उभं करण्याची फ्रेम चांगली, पण हाडासाठी तिचा पुरावा लंगडा आहे, आणि आधी एक्स-रे दाखवल्याशिवाय नको.

---

रात्रपाळीचा डॉक्टर | मंगळवार, पहाटे ३:५०

ड्यूटीवर चहा पिता पिता वाचलं. थोडं माझ्याकडून.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. खुब्याचा तर हवाच, पण मांडीचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक मोजता येतं का हे आधी फोनवर विचारा, सगळीकडे करत नाहीत. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला टी-स्कोअर (तरुण निरोगी माणसाशी तुलना) नव्हे, झेड-स्कोअर (त्याच वयाच्या माणसांशी तुलना) बघतात. जोडीला डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), पॅराथायरॉइड हार्मोन. सोनोग्राफीत मूत्रपिंडात खडे आहेत का तेही.

औषधांत सगळ्यात वापरलेलं म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा सलाइनमधून. इजेनंतर लवकर दिलं तर खुब्याचं हाड चांगलं टिकतं, गुडघ्याजवळ परिणाम कमी आणि अनिश्चित. हे खरं आहे, लपवून उपयोग नाही. देण्याआधी डी जीवनसत्त्व भरून काढायचं, किडनी बघायची, दात दाखवून घ्यायचे. पहिल्या डोसला एक-दोन दिवस ताप येतो, घाबरू नका. दुसरं डेनोसुमॅब, सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, पण ते मध्येच सोडलं की हाड झपाट्यानं उतरतं. पैसे आणि फेऱ्या झेपणार असतील तरच.

सुया घ्यायच्याच असतील तर: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते सांगा, सुया नव्या पाकिटातल्याच असाव्यात, जिथं बेडसोर आहे तिथं जवळपासही नको, छातीच्या मागच्या बाजूला खोल टोचू देऊ नका, फुप्फुसाला भोक पडल्याच्या घटना आहेत. टोचताना कळत नाही म्हणून काढताना मोजून काढा. एखादी राहिली तर भाऊ तिच्यावरच बसेल.

---

कळंब्याची आक्का | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांना काय म्हणू. आज आईला फोनवरचे हे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. पँटचा किस्सा ऐकून ती उठली आणि भावाच्या पायजम्याच्या नाड्या-बटणं सगळं तपासून आली. "इंग्रजी औषध बंद" यावर मात्र ती अडून बसली होती, कारण तिला गोळ्यांची धास्ती. शेवटी भाऊच म्हणाला, "आई, सुया खांद्याला लाव म्हणावं, खांदा तरी माझा हाय." चाकं ढकलून त्याचे दोन्ही खांदे रात्री ठणकतात. ते चालेल का?

---

उलट तपासणी | मंगळवार, रात्री ९:५०

खांदेदुखीला घेऊ दे, मी आडवा येणार नाही. अमेरिकेत खुर्ची वापरणाऱ्यांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात खऱ्या सुयांनी दुखणं कमी झालं आणि खोट्यांनीही बरंच झालं, दोन्हींत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. यातून काय समजायचं ते तुम्ही समजा. पण दुखणं कमी झालं की नाही हे भाऊ स्वतः सांगू शकतो. हाडाचं तसं नाही.

---

सुईकार | मंगळवार, रात्री १०:०५

मी असतो तर हेच सुचवलं असतं. सहा वेळा करून बघा, फरक नाही वाटला तर थांबा. आणि एकदम २० चे पैसे भरू नका, कुणाकडेच.

---

चाकावर चौदा वर्षं | मंगळवार, रात्री १०:३०

भावाला उचगावला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डमध्ये एकदा घेऊन जा. नसीमादीदींनी १९८४ मध्ये उभी केलेली संस्था, त्या स्वतः खुर्चीवर. तिथं उपचारापेक्षा माणसं बघायला जायचं. खुर्चीवरची माणसं पलंगावर कशी सरकतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की दहा व्हिडिओंचं काम होतं. मी तिथंच शिकलो, पण पँट घालायला नव्हे.

---

कळंब्याची आक्का | सव्वादोन महिन्यांनी, शनिवार, दुपारी ४:१०

धागा वर काढते, रागावू नका.

डेक्सा झाला. पहिल्या ठिकाणी फक्त कंबर आणि खुबा करतो म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी कागदावर हातानं "दोन्ही गुडघे" लिहून दिलं होतं म्हणून केलं, तेही मशिनवाल्यानं कुणाला तरी फोन लावून विचारल्यावर. कंबर जवळजवळ ठीक. खुबा उतरलाय. गुडघे त्याहून वाईट. अगदी इथं सांगितलं होतं तसंच. कंबरेचा कागद आधी मिळाला असता तर आम्ही खूश होऊन घरी आलो असतो.

डी जीवनसत्त्व १४, म्हणजे फारच कमी निघालं. दिवसभर उन्हातान्हात फिरणारा माणूस आठ महिने ओसरीवर, दुसरं काय होणार. आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी, आठ आठवडे, आता ३४ आहे. दात दाखवले, एक काढावा लागला, ते भरून आल्यावर मागच्या सोमवारी झोलेड्रॉनिक दिलं. रात्री १०२ ताप, आईनं मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि मला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला.

खांद्याला सुया सहा वेळा झाल्या, वेगळ्या ठिकाणी, नोंदणी बघून. भाऊ म्हणतो, डावा बरा आहे, उजवा तसाच. फिजिओताईंच्या सांगण्यावरून खुर्चीच्या मागच्या चाकांचा ॲक्सल थोडा पुढं घेतला, त्यानं जास्त फरक पडला असं माझं मत. तो कबूल करत नाही. पायाला सुया लावल्या नाहीत.

उचगावला दोनदा जाऊन आलो. आता आई पाय उचलते ते दोन्ही हात खाली घालून, तान्हं मूल पाळण्यातून काढावं तसं. पांढरा रस्सा दर रविवारी चालूच आहे, त्याला कुणाची ना नाही.

---

बबन्या शिवाजी पेठ | शनिवार, दुपारी ४:२५

रस्सा टिकला, आपण जिंकलो. आक्का, त्या पहिल्या केंद्रानं ॲडव्हान्स परत दिला का?

---

कळंब्याची आक्का | शनिवार, दुपारी ४:३१

नाही. म्हणाले, पैसे परत मिळत नाहीत, हवं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला घेऊन या. आई गुडघेदुखीसाठी जायचं म्हणतेय.